गिळू की नको गिळू?

शरीरातल्या एका खादाड पहारेकऱ्याची गोष्ट

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या नागपुरात मारबत निघते. एक काळी, एक पिवळी, आणि सोबत बडगे. जुन्या नागपूरचे रस्ते माणसांनी फुलून जातात. लहान मुलं बाबांच्या खांद्यावर बसून बघतात आणि सगळे मिळून मारबतीला ओरडून सांगतात, की गावातली रोगराई, इडापिडा सोबत घेऊन जा! शंभराहून अधिक वर्षांची ही रीत आहे.

पण मुलांनो, मारबत येते वर्षातून एकदा. रोगजंतू काही पोळ्याची वाट बघत बसत नाहीत. खेळताना गुडघा खरचटला की ते लगेच आत शिरतात. श्वासाबरोबर येतात, न धुतलेल्या हातांवरून येतात. मग ही रोजची रोगराई कोण उचलून नेतं?

हे काम करणारा शरीरातच राहतो. त्याचं नाव मॅक्रोफेज. ग्रीक भाषेत ‘मॅक्रो’ म्हणजे मोठा आणि ‘फेज’ म्हणजे खाणारा. आपण त्याला महाभक्षक म्हणू. ही एक पांढरी पेशी आहे. नावात ‘महा’ असलं तरी असे साधारण पन्नास महाभक्षक एका ओळीत उभे केले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. यकृतात, फुप्फुसांत, प्लीहेत, मेंदूत, कातडीखाली, सगळीकडे याची ठाणी आहेत. जंतू दिसला की तो त्याला गिळतो आणि पचवून टाकतो. मेलेल्या पेशी, धूळ, कचरा, काही सोडत नाही.

आता गंमत ऐका. एवढा खादाड असूनही काय गिळायचं आणि काय सोडायचं, हे तो मनाला येईल तसं ठरवत नाही. इवल्या इवल्या प्रथिनांची एक साखळी त्याला ते सांगते. ती साखळी नीट चालली तर आपण धडधाकट. तिला एखाद्या लबाड जंतूनं फसवलं तर काय होतं, हे आपल्या विदर्भानं फार जवळून बघितलं आहे. तिथपर्यंत आपण पोचणारच आहोत. आधी ही पेशी सापडली कशी, ते बघू.

काटा टोचला आणि शोध लागला

साल १८८२. इटलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी एक रशियन शास्त्रज्ञ घरातच प्रयोग करत होता. नाव एली मेचनिकॉफ. तारामाशाची अळी तो सूक्ष्मदर्शकाखाली बघत असे. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे तिच्या पोटातलं सगळं बाहेरून दिसतं. तिच्या आत काही पेशी इकडून तिकडे फिरताना त्याला दिसल्या.

त्याच्या मनात आलं, या पेशी शरीराचं रक्षण तर करत नसतील? बोटात काटा रुतला की माणसाच्या बोटाला सूज येते. मग या अळीला काटा टोचून बघू! बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यानं अळीच्या अंगात टोचले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी उठून बघतो तर काय, काट्याभोवती त्या फिरत्या पेशींची गर्दी जमलेली! कुणी बोलावलं नाही, मेंदूनं हुकूम दिला नाही, कारण तारामाशाला आपल्यासारखा मेंदूच नसतो. तरी त्या अचूक जागी आल्या होत्या.

या गिळण्याच्या कामाला पुढे फॅगोसायटोसिस असं लांबलचक नाव मिळालं. आपण त्याला पेशीभक्षण म्हणू. या शोधासाठी मेचनिकॉफला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच्याबरोबर ते विभागून मिळालं पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाला. अर्लिकचा अभ्यास होता रक्तात विरघळलेल्या, जंतूंशी लढणाऱ्या पदार्थांचा. त्या काळी दोन तट होते. एक म्हणे पेशी लढतात, दुसरा म्हणे रक्तातले पदार्थ लढतात. खरं तर दोघंही बरोबर होते, आणि दोन्ही मिळून कसे लढतात ते थोड्या वेळात कळेल.

वाहत्या गर्दीत थांबायचं कसं?

महाभक्षकांपैकी काही आपल्या जन्माआधीपासूनच आपापल्या ठाण्यावर असतात. बाकीच्यांचा जन्म हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत होतो. तिथून त्यांची पिल्लं रक्तात उतरतात. या पिल्लाला मोनोसाइट म्हणतात. गुडघ्याला जखम झाली की मोनोसाइटनं रक्तवाहिनीतून बाहेर पडून तिथे जायचं असतं.

पण रक्त तर वेगानं वाहतंय! मारबतीच्या गर्दीत तुम्ही सापडला आहात आणि वाटेत मावशीच्या घरापाशी थांबायचं आहे, असं समजा. गर्दी तर ढकलतच राहणार. तुम्ही काय कराल? आधी कडेला सरकाल. भिंतीला हात लावत लावत वेग कमी कराल. मावशीची हाक आली की ओट्याचा खांब घट्ट धराल आणि मग हळूच दारातून आत शिराल.

मोनोसाइट अगदी हेच करतो. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं वर येतात. ती मोनोसाइटला हलकेच पकडतात आणि सोडतात, पुन्हा पकडतात. त्यामुळे तो भिंतीवरून गडगडत जातो आणि त्याचा वेग कमी होतो. मग जखमेकडून आलेले रासायनिक संदेश त्याला मिळतात. ही झाली मावशीची हाक.

हाक ऐकताच मोनोसाइटच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं जागी होतात. एरवी ती मिटलेल्या छत्रीसारखी वाकून, गुपचूप बसलेली असतात. आतून संदेश आला की ती ताठ उभी राहतात आणि भिंतीला पक्की धरतात. नेहमीच ताठ राहिली असती तर पेशी रक्तात जागोजागी चिकटून बसल्या असत्या. म्हणून संदेश आल्याशिवाय पकड नाही, हा नियम. पकड पक्की झाली की मोनोसाइट चपटा होऊन भिंतीच्या फटीतून बाहेर सरकतो आणि बाहेर पडल्यावर मोठा होऊन महाभक्षक बनतो.

ही पकड किती महत्त्वाची आहे, ते एका दुर्मीळ आजारावरून कळतं. काही बाळं या इंटिग्रिनचा एक भाग न घेताच जन्माला येतात. तुमच्या आईला विचारा, बाळाची नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत सुकून पडते. या बाळांची नाळ महिनाभर पडत नाही. त्यांना जखम झाली तर ती चिघळत जाते, पण तिथे पू धरत नाही. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तातून बाहेरच येऊ शकत नाहीत, तर पू होणार कुठून? रक्तात शिपाई भरपूर असतात, पण वाहत्या गर्दीत थांबण्यासाठी त्यांच्याकडे हातच नसतो.

जंतूवर तर्री

महाभक्षक जखमेपाशी पोचला. समोर जंतू आहे. आता गिळणार? कधी कधी तो जंतूला नुसत्या रूपावरून ओळखतो. पण बरेच जंतू गुळगुळीत कवच पांघरून येतात. हातातून निसटणाऱ्या ओल्या साबणासारखे. त्यांना धरायचं कसं?

इथे आपल्या नागपूरचे तर्री पोहे आठवा. नुसते पोहे समोर ठेवले तर एखादा म्हणेल, नंतर खाईन. पण वरून लाल तर्री पडली की हात आपोआप पुढे जातो! रक्तातले काही पदार्थ जंतूवर अशीच तर्री घालतात. १९०३ साली इंग्लंडच्या आल्मरॉथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी हे दाखवलं. त्यांनी अशा पदार्थांना ऑप्सोनिन हे नाव दिलं. ज्या ग्रीक शब्दावरून ते घेतलं, त्याचा अर्थच मुळी जेवणाबरोबरचं तोंडीलावणं असा आहे.

या तर्रीतला मुख्य पदार्थ म्हणजे प्रतिपिंड. त्याचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरचे दोन फाटे जंतूला चिकटतात आणि खालची दांडी बाहेर राहते. महाभक्षकाच्या अंगावर ती दांडी ओळखणारी प्रथिनं असतात. दांडी हाती लागली की पकड बसली. पेशी लढतात की रक्तातले पदार्थ, या भांडणाचं उत्तर हे असं. पदार्थ खूण करतात आणि पेशी गिळतात.

लस टोचली की शरीर आधीच ही प्रतिपिंडं बनवायला शिकतं. मेचनिकॉफचा एक विद्यार्थी हे काम घेऊन आपल्या महाराष्ट्रात आला होता. वाल्डेमार हाफकिन त्याचं नाव. १८९६ साली मुंबईत प्लेगनं हाहाकार उडवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यानं प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा टोचली ती स्वतःलाच. मुंबईच्या परळमध्ये हाफकिन संस्था आजही उभी आहे.

पेशीच्या पोटातली कानगोष्ट

आता सगळ्यात सुंदर भाग. दांडी पकडली बाहेर. पण गिळण्यासाठी आख्खी पेशी हलायला हवी. बाहेरची खबर आत पोचते कशी?

तुम्ही कानगोष्टीचा खेळ खेळला असाल. पहिला दुसऱ्याच्या कानात सांगतो, दुसरा तिसऱ्याच्या. पेशीत कान नसतात. तिथे प्रथिनं एकमेकांना टिळा लावतात. हा टिळा असतो फॉस्फेट नावाच्या छोट्याशा रासायनिक गटाचा. टिळा लागला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि ते कामाला लागतं.

दांडी ओळखणाऱ्या प्रथिनाची शेपटी पेशीच्या आत असते. तिला टिळा लागला की तिथे सिक नावाचं प्रथिन येऊन बसतं. सिक जागं झालं की ते इतरांना टिळे लावत सुटतं. असं होत होत खबर रॅक नावाच्या प्रथिनापर्यंत जाते. रॅक म्हणजे विजेचं बटण समजा, एक तर चालू, नाही तर बंद. ते चालू झालं की अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे सुटे मणी भराभर जोडले जातात आणि त्यांचे धागे तयार होतात. घर बांधताना गवंडी जशी बांबूंची परांची उभी करतात, तशी ही परांची पेशीच्या पटलाला आतून ढकलते. पटल पुढे सरकून जंतूच्या दोन्ही बाजूंनी वर चढतं आणि शेवटी त्याला मिठीत घेऊन मिटतं.

कानगोष्टीच्या खेळात बातमी पुढे जाता जाता बिघडते. इथे उलट होतं. एक प्रथिन अनेकांना टिळे लावू शकतं, म्हणून खबर वाढत वाढत जाते. आणि हे सारं काही मिनिटांत!

एकदा पकडलं की सगळं आपोआप गिळलं जातं का? नाही. शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात एक नामी प्रयोग केला. काही पेशींवर प्रतिपिंडांची खूण सगळीकडून केली, काहींवर फक्त एका बाजूला. सगळीकडून खूण असलेल्या पेशी महाभक्षकानं गिळल्या. एका बाजूला खूण असलेल्यांना त्यानं तेवढ्याच भागात धरलं आणि तो थांबला! दप्तराची चेन कशी एकेक दात धरत पुढे जाते? मधले दात नसले तर ती तिथेच अडते. महाभक्षकही एकेक खूण तपासत पुढे जातो.

गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो. मग पाचक रसांनी भरलेल्या पिशव्या येऊन तिला मिळतात. त्यांना आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात लयकारिका म्हटलं आहे. आतलं वातावरण आंबट होतं आणि जंतूचा निकाल लागतो.

मला खाऊ नको!

माझ्या चौथीच्या वर्गात हे सांगत होते, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “पण बाई, मग तो आपल्याच पेशींना काऊन नाही खात?” प्रश्न शंभर नंबरी आहे.

आपल्या चांगल्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. सीडी-सत्तेचाळीस असं तिचं नाव. तिचा अर्थ एवढाच, की मला खाऊ नको, मी घरचीच आहे. महाभक्षकाचं एक प्रथिन ही खूण वाचतं आणि आतल्या दुसऱ्या एका प्रथिनाला बोलावतं. हे प्रथिन काय करतं माहीत आहे? आधी लावलेले टिळे पुसून टाकतं! टिळे पुसले की साखळी तुटली, परांची उभी राहिलीच नाही, गिळणं रद्द. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगातून हे कळलं. ज्या तांबड्या पेशींवर ही खूण नव्हती, त्या उंदरांच्या शरीरात गेल्यावर चटकन फस्त झाल्या.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की तिच्या अंगावरच्या खुणा बदलतात. मग प्लीहेतले आणि यकृतातले महाभक्षक तिला गिळतात आणि तिच्यातलं लोह काढून नव्या पेशींसाठी परत देतात. अशा वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी दर सेकंदाला आपल्या शरीरातून निवृत्त होतात. त्याच वेळी शेजारची तरुण पेशी सुखरूप पुढे जाते.

आणि गिळलेलं पचलंच नाही तर? त्याचं उत्तर तुमच्या आजीच्या हातावर असेल. तिचं गोंदण बघा. पन्नास-साठ वर्षं झाली तरी ते पुसलं कसं गेलं नाही? गोंदताना कातडीत गेलेला रंग तिथल्या महाभक्षकांनी गिळला. पण रंग त्यांना पचत नाही. मग ते तो पोटात धरून बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की असा एक महाभक्षक मेला की रंग बाहेर पडतो आणि नव्यानं आलेला महाभक्षक तोच रंग पुन्हा गिळतो. आजीच्या हातावरचं तुळशीचं रोप म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला ठेवाच!

पहारेकऱ्याच्याच खोलीत चोर

रंग बिचारा निरुपद्रवी. पण एखादा जिवंत जंतू असाच न पचता आत बसून राहिला तर?

असा जंतू आहे. १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी तो शोधला. तो कुष्ठरोगाचा जंतू. त्याची चाल बघा. तो महाभक्षकापासून पळत नाही. उलट आपल्या अंगावर रक्तातल्या काही प्रथिनांची तर्री स्वतःहून ओढून घेतो आणि आत शिरतो. ज्या दारांनी तो शिरतो, त्यांतलं एक दार इंटिग्रिनच्याच कुळातलं आहे. तेच, मघाशी भिंत धरणारं! या दारानं आलेल्यासाठी धोक्याची मोठी घंटा वाजतेच असं नाही. आत गेल्यावर तो लयकारिकेला आपल्या पिशवीशी जुळू देत नाही आणि तिथेच संसार थाटतो. तोही सावकाश. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून रोग दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी कधी वीस वर्षंही लागतात.

मग महाभक्षक हरतोच का? नाही! त्याच्या मदतीला टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाच्या प्रथिनाचा संदेश पाठवतात. तो मिळाला की महाभक्षक खवळतो आणि आतल्या चोराला मारू लागतो. जगातल्या जवळपास ९५ टक्के माणसांचं शरीर कुष्ठजंतूला असं आपलं आपणच आवरतं. त्यांना हा रोग होतच नाही. उरलेल्या थोड्यांमध्ये संदेश अपुरा पडतो. काहींचे महाभक्षक तर जंतूंनी गच्च भरून जातात.

हे कोडं सोडवायला मुंबईतही प्रयत्न झाले. डॉ. नोशिर अंटिया हे नामवंत प्लास्टिक सर्जन. कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात आणि बसलेली नाकं ते शस्त्रक्रियेनं सुधारत. पण हात दुरुस्त करून त्यांचं समाधान झालं नाही. रोग मुळात होतो कसा, हे शोधायला वरळीला फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था उभी राहिली. तिथे डॉ. तन्नाझ बिर्डी, डॉ. नर्गिस मिस्त्री, डॉ. महादेवन आणि डॉ. अंटिया यांनी रुग्णांच्या रक्तातून मिळालेले महाभक्षक काचेच्या बशीत वाढवून तपासले. कुष्ठरुग्णांच्या महाभक्षकांच्या पटलात कोणते बदल होतात, यावरचा त्यांचा शोधनिबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. पटल म्हणजे तीच जागा, जिथे खुणा वाचणारी आणि पकडणारी प्रथिनं बसलेली असतात.

भीती पुसणारी माणसं

हे सगळं माहीत नव्हतं, तेव्हा लोक काय करत? रुग्णाला गावाबाहेर काढत. पाप केलं म्हणून रोग झाला म्हणत. मारबतीबरोबर रोगराई जावो असं म्हणणं वेगळं, आणि रोग झालेल्या माणसालाच गावाबाहेर पाठवणं वेगळं!

आपल्या विदर्भातल्या काही माणसांना हे सहन झालं नाही. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी परचुरे शास्त्री या रुग्णाची मालीश स्वतःच्या हातांनी करत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. आणि हिंगणघाटला जन्मलेल्या, नागपुरात वकिलीचं शिक्षण घेतलेल्या बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं.

बाबांनी कुष्ठरोगाचं शिक्षण कलकत्त्याला जाऊन घेतलं. हा जंतू तेव्हा प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. काचेच्या बशीत तर तो आजही वाढत नाही. माणसाच्या शरीरात वाढतो का ते बघायला बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं आणि कुष्ठजंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. हाफकिननं स्वतःला लस टोचली, बाबांनी चक्क जंतू! बाबांना तेव्हा ही सारी साखळी माहीत असणं शक्य नव्हतं. त्यातली बरीच प्रथिनं नंतर सापडली. पण ते घाबरले नाहीत.

कायद्यालाही ही भीती पुसायला वेळ लागला. रुग्णांना डांबून ठेवण्याची सोय करणारा १८९८ सालचा इंग्रजांचा कायदा २०१६ साली रद्द झाला. नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येत असे, ते कलम २०१९ साली निघालं. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजार माणसांमागे एकाहून कमी रुग्ण उरले होते. पण रोग संपलेला नाही. विदर्भात आजही नवे रुग्ण सापडतात, आणि त्यांत मुलंही असतात.

म्हणून ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सोडून देऊ नका. कुष्ठजंतू नसांमध्येही शिरतो. मग कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा उमटतो. तो खाजत नाही, दुखत नाही, उलट तिथे स्पर्शच कळत नाही. दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच घात होतो. बोटं जंतूंमुळे झडून पडत नाहीत. बधिर हाताला चटका बसला, काच रुतली तरी कळत नाही, जखमा चिघळत जातात, म्हणून बोटं जातात. वेळेवर औषध घेतलं तर यातलं काहीच होत नाही. सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या की रोग पूर्ण बरा. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होणं थांबतं. तो शाळेत येऊ शकतो, तुमच्या शेजारी बसून डबा खाऊ शकतो.

तुमच्या शरीरातला महाभक्षक नुसतं अनोळखी म्हणून कुणाला गिळत नाही. आधी स्पर्श करतो, खूण वाचतो, घरच्याला सोडतो. एवढी इवलीशी पेशी जर आपला-परका नीट पारखून घेते, तर एखाद्याच्या हातावर चट्टा दिसला म्हणून आपण त्याला बाकावरून उठवायचं का? मुलांनो, याचं उत्तर तुम्हीच द्या. वर्गात द्या आणि घरीही द्या.

करून पाहा

आईकडून भिजवलेल्या कणकेचा एक गोळा, चिमूटभर हळद आणि एक वाटाणा मागून घ्या. गोळ्याची छोटी पोळी लाटा. तिच्या वरच्या बाजूला हळद भुरभुरा. हे झालं महाभक्षकाचं पटल. आता हळदीच्या बाजूवर वाटाणा ठेवा आणि पोळी चहूबाजूंनी वर उचलून मोदकासारखी मिटवा. मग गोळा मधोमध कापा. वाटाण्याभोवती पिवळी पिशवी दिसेल! जी हळद मघाशी बाहेर होती, ती आता आतली भिंत झाली. पेशी गिळते तेव्हा तिच्या बाहेरच्या पटलाचीच अशी आत पिशवी बनते.

आई-बाबांसाठी

मुलांना अंघोळ घालताना, कपडे बदलताना कातडीवर लक्ष असू द्या. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून कापसानं हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागलं ते विचारा. स्पर्श कळत नसेल किंवा शंका वाटत असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. चट्टा लपवू नका आणि मुलासमोर घाबरल्यासारखं बोलू नका. जखम झाली तर तीवर माती, राख, चुना लावू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा. आणि लसीचे सगळे डोस वेळेवर द्या, म्हणजे आतल्या पहारेकऱ्याला शत्रूची खूण आधीच ठाऊक असेल.